जुना लॅपटॉप: एसएसडी टाकू, रॅम वाढवू की नवीनच घेऊ?

अबोली
बाबांचा २०१७ चा लॅपटॉप आहे. आय-३, सहावी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १०. सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये, पत्रं मराठीत, बँकेची कामं क्रोमवर. बटण दाबून ते चहा ठेवायला जातात. चहा पिऊन होतो तरी डेस्कटॉप हाताशी आलेला नसतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, प्रोसेसर मात्र १० च्या आसपास. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. बाबांचा हात याच कीबोर्डवर बसलाय. काय करू?

जुना_कारागीर
ताई, नवीन घेऊ नका. दुखणं तुम्हीच लिहिलंय: प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट पाहतोय.

लॅपटॉपची हार्डडिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती माहिती हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, आणि हेड त्या जागी न्यायचा वेळ वेगळा. अशाने सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणांहून वाचता येतं. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली लागतात, त्याही तबकडीभर विखुरलेल्या. अँटिव्हायरस आणि अपडेटही नेमके तेव्हाच तीच डिस्क मागतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतं. तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात किंवा त्याहून लवकर उरकतं. खोक्यावरचा '५५० एमबी' हा आकडा मोठी फाइल सलग वाचतानाचा. रोज जाणवतो तो हा वाट पाहण्याचा वेळ.

२.५ इंची सॅटा एसएसडी घ्या, ५०० जीबी. हार्डडिस्कच्याच जागी बसते. आत एम.२ ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली तरी तिथे सॅटा चालते की एनव्हीएमई (जोडणीचे हे दोन वेगळे प्रकार), हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय त्या खाचेसाठी काही मागवू नका.

नीलमोहोर
रॅमही (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ८ करा. ४ जीबी भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर नेऊन ठेवतं. एसएसडीवर ते कमी खुपतं, थांबत नाही. मात्र इंटरनेटचा वेग किंवा एक्सेलची मोठी आकडेमोड यात एसएसडीने फरक पडणार नाही, हे बाबांना आधीच सांगा.

मला जास्त काळजी विंडोजची वाटते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते. बँकेची कामं त्यावर नकोत. विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि एक्सेल-वर्डऐवजी लिब्रेऑफिस बघा, दोन्ही मोफत.

जुना_कारागीर
सहमत. पण सत्तरीतल्या माणसाला एक्सेल सोडायला लावू नये. बँक फोनवर न्या, हिशेब इथेच राहू दे.

आणखी एक. १ टीबीवरून ५०० वर क्लोन (हुबेहूब नक्कल) करायला पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) आधी लहान करावं लागतं. त्या खटपटीपेक्षा विंडोज नव्याने टाका, बोर्ड तोच असल्याने लायसन्स बहुधा आपोआप लागतं. आणि बॅकअपची सवय आजपासून. एसएसडीवर ट्रिम (डिलीट केलेली जागा खरोखर रिकामी करण्याची सोय) चालू असतं, डिलीट केलेली फाइल सहसा परत मिळत नाही.

अबोली
झालं! बटणापासून एक्सेल उघडेपर्यंत ३१ सेकंद. रॅमचा स्लॉट एकच निघाला, ४ काढून ८ ची लावली. काल बाबा वर्षभराच्या पावत्या एका बैठकीत चढवून उठले. बँक आता फोनवर. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातलीय, दर रविवारी हिशेबांची कॉपी तिच्यावर घेणार. कालपासून तिच्यातून टक-टक असा आवाज येतोय. चालेल ना?

जुना_कारागीर
नाही चालणार. तो आवाज बहुतेक वेळा डिस्क जाण्याआधीचा असतो. तिच्यावर अजून जे जुने फोटो, कागद असतील ते आत्ताच एसएसडीवर उतरवून घ्या, सगळ्यात महत्त्वाचं आधी. बॅकअपसाठी दुसरी डिस्क आणा.

अबोली
फोटो उतरवायला लावलेत. ६२ जीबी आहेत, १९ झाले.