मदत हवी आहे: टेक्सासमध्ये घराचं अप्रेझल (प्रॉपर्टी टॅक्ससाठी ठरवलेली किंमत) फार वाढलंय, प्रोटेस्टच्या (त्यावर हरकत घेण्याच्या) तारखा कोणत्या?

प्लेनोकर:
कोलिन काउंटीत गेल्या सप्टेंबरमध्ये घर घेतलं. नोटिशीवर २२ एप्रिल ही तारीख आहे आणि व्हॅल्यू ४,८५,००० डॉलर. आधीच्या मालकाच्या नावावर ३,७२,००० होती. होमस्टेडचा (स्वतःच्या राहत्या घराच्या टॅक्स सवलतीचा) अर्ज जानेवारीतच भरलाय. दहा टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही ना? मग ही उडी कशी? आणि शेवटची तारीख १५ मे धरायची की नोटिशीपासून मोजायचं? सुनावणीला काय न्यावं तेही सांगा.

केटीकर:
दहा टक्क्यांची कॅप (वर्षाला वाढीची मर्यादा) त्या मालकापुरतीच असते, घराला चिकटलेली नसते. विक्री झाली की पुढच्या १ जानेवारीला जुनी कॅप सुटते. तुमची होमस्टेड या वर्षी सुरू झाली, म्हणजे कॅप पुढच्या वर्षापासून, आणि ती मोजली जाणार यंदा कायम होणाऱ्या आकड्यावर. म्हणून नव्या मालकाने पहिल्या वर्षी प्रोटेस्ट सोडूच नये. यंदा कमी झालेला प्रत्येक डॉलर पुढच्या वर्षांच्या हिशेबातही उतरतो.

मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची ती. तुमची २२ मे. शनिवार, रविवार किंवा सुट्टी आली तर कामाचा पुढचा दिवस. प्रोटेस्टचा फॉर्म ५०-१३२ टपालाने धाडत असाल तर त्या तारखेचा पोस्टमार्क चालतो, पण ऑनलाइन भरून पावती जपून ठेवलेली बरी. कारण लिहिताना बाजारमूल्य जास्त आणि इतर घरांच्या तुलनेत असमान, दोन्ही मांडा. एकच मांडलंत तर दुसऱ्या मुद्द्यावर बोर्ड (सुनावणी घेणारं अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड) ऐकून घेईलच असं नाही.

फ्रिस्कोकर:
अर्जासोबतच डिस्ट्रिक्टकडे (म्हणजे किंमत ठरवणारं काउंटीचं अप्रेझल डिस्ट्रिक्ट) त्यांचा पुरावा लेखी मागा. हे बरेच जण विसरतात. मागूनही सुनावणीच्या १४ दिवस आधी दिला नाही, तर तो पुरावा त्यांना वापरता येत नाही. सुनावणीची नोटीस किमान १५ दिवस आधी येते. एजंट नेमलेला नसेल तर एकदा कारण न देता तारीख बदलून मिळते, मात्र सुनावणीच्या दिवसाआधी मागायला हवी. गैरहजर राहिलात तर सबळ कारण लेखी द्यायला चारच दिवस असतात. फोनवर सुनावणी हवी असेल तर दहा दिवस आधी कळवा आणि पुरावा प्रतिज्ञापत्रासोबत आधी पाठवा, नाहीतर बोर्डासमोर तुमचा कागद नसतो.

पुराव्याचं म्हणाल तर सगळं १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतं. एप्रिलच्या गारपिटीत छप्पर गेलं तर ते यंदा धरत नाहीत. गेल्या वर्षी फाउंडेशनला तडा गेला आणि १ जानेवारीला दुरुस्ती झालेली नव्हती, तर फोटो आणि कंत्राटदाराचं लेखी एस्टिमेट न्या. नुसतं 'किचन जुनं आहे' म्हणून काही होत नाही.

असमानतेसाठी त्याच सबडिव्हिजनमधली, जवळपास तेवढ्याच स्क्वेअर फुटांची आणि वयाची पाच-सात घरं डिस्ट्रिक्टच्या साइटवरून काढा. फरकांचे ॲडजस्टमेंट करा आणि मध्यक काढा. शेजाऱ्यांचा कॅप लागलेला आकडा उचलू नका, तिथे हमखास गफलत होते. 'मार्केट व्हॅल्यू'चा रकाना बघा.

प्लेनोकर:
दोघांचे आभार. प्रोटेस्ट भरला. डिस्ट्रिक्टने ४,६८,००० ची ऑनलाइन ऑफर दिलीय. घर ४,५२,००० ला घेतलं होतं. मान्य करू का?

केटीकर:
मान्य केलीत की विषय संपला. त्यानंतर ना बोर्ड, ना कोर्ट. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे तुमची किंमत नसण्याची शक्यता आहे. सप्टेंबरचा सौदा १ जानेवारीच्या अगदी जवळचा, म्हणजे क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदीच्या वेळचा अंतिम हिशेबाचा कागद) हाच तुमचा सगळ्यात भक्कम कागद. सही असलेली प्रत घेऊन जा आणि ४,५२,००० मागा. (खरेदी व्हॅल्यूपेक्षा जास्तीची असती तर हा कागद घरीच ठेवा म्हटलं असतं.)

फ्रिस्कोकर:
बोर्डाचा निकालही पटला नाही तर आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांत डिस्ट्रिक्ट कोर्ट किंवा बाइंडिंग आर्बिट्रेशन (लवादाचा बंधनकारक निवाडा). होमस्टेडसाठी आर्बिट्रेशनची अनामत ५ लाखांपर्यंतच्या व्हॅल्यूला ४५० डॉलर, त्यावर ५००. अपील चालू असलं तरी वाद नसलेल्या रकमेचा टॅक्स ३१ जानेवारीपर्यंत भरायचाच. १ फेब्रुवारीला ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज लागतं, शिवाय अपीलही बाद होऊ शकतं.

हा धागा मुदत उलटल्यावर वाचणाऱ्यांसाठी: प्रोटेस्ट केलाच नसेल आणि होमस्टेडची व्हॅल्यू योग्य आकड्यापेक्षा एक चतुर्थांशाहून जास्त असेल (इतर घरांना एक तृतीयांश), तर १ फेब्रुवारीच्या आत टेक्सास टॅक्स कोडच्या कलम २५.२५(ड) खाली दुरुस्ती मागता येते. दुरुस्ती मिळाली तर दुरुस्त व्हॅल्यूवरच्या टॅक्सच्या १० टक्के दंड बसतो. नोटीस मिळालीच नव्हती, तर त्याचा वेगळा प्रोटेस्ट असतो, त्यालाही तीच मुदत.