मदत हवी आहे: पूलच्या शिडीला हात लावला की मुंग्या येतात, बाँडिंग म्हणजे नेमकं काय करायचं?

पूर्णाकाठ
जरा लवकर सांगा, लेकरं रोज विचारून जीव खातायत. अंगणात स्टीलच्या फ्रेमचा पूल बसवलाय, १५ फूट व्यास, ४ फूट उंच. भरून चार दिवस झाले. ओल्या हातानं शिडी धरली की बोटांत मुंग्या येतात. आत उतरलं की काहीच नाही, पण बाहेर उभं राहून पाण्यात हात घातला की पुन्हा येतात. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणतो बाँडिंग कर. इथला वायरमन म्हणतो अर्थिंग आहे तेवढं बास. तार कुठून कुठं जोडायची एवढंच सांगा.

तांबंपितळ
तार राहू द्या. आधी पंपाची पिन काढा. बटण बंद करून चालणार नाही, पिनच काढा. आणि लेकरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. मग सांगा: पंप कुठला, पिन दोनची की तीनची, बोर्ड पूलपासून किती लांब, आरसीसीबी (करंट गळू लागला की पुरवठा तोडणारं बटण) आहे का?

मोंढानाका
सरळ पूलशेजारी वेगळं केमिकल अर्थिंग करून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली सळई, पावडर, झाकण. मी माझ्या पिठाच्या गिरणीला केलंय, तीन वर्षांत एक झटका नाही.

पूर्णाकाठ
पूलसोबत आलेला पंप जळाला, म्हणून घरातली अर्ध्या एचपीची मोनोब्लॉक मोटर लावलीय. तिचा लोखंडी स्टँड फ्रेमच्या पायाला नटबोल्टनं आवळलाय. तीन पिन आहे. एक्स्टेन्शन बोर्ड शिडीपाशीच आहे. अर्थिंग आहे हो, घर बांधलं तेव्हाच खड्डा केलाय! मी बाँडिंगचं विचारतोय.

गोदावरीचा
२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या भागात १६-१७ हजार लिटर पाणी पोहायला भरायचं, हे मनाला पटत नाही. राग मानू नका.

पूर्णाकाठ
राग नाही. बोअरचं पाणी आहे आणि सुट्टी संपली की सगळं लिंबोणीला सोडणार आहे. पण आत्ता करंटचं बोला.

हिरवळ
लिंबोणीला सोडणार असाल तर आधी चार-पाच दिवस क्लोरीन टाकणं बंद करा, उन्हानं ते उडून जातं. पाणी हिरवं पडू नये म्हणून संध्याकाळी टाका, सकाळी टाकलं की दुपारपर्यंत निम्मं राहत नाही. रात्री वरून ताडपत्री घाला, डासांचाही त्रास वाचेल.

तांबंपितळ
@मोंढानाका, पूलला घराच्या अर्थिंगशी न जोडलेली वेगळी सळई ठोकू नका, हे हात जोडून सांगतो. समजा त्या सळईचा रोध २५ ओहम आला. उन्हाळ्यात काळ्या मातीत तो याहून सहज वर जातो. पंपात फेज (जिवंत तार) बॉडीला लागली तर २३० भागिले २५, म्हणजे साधारण ९ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारं बटण) त्यानं पडणारच नाही. फ्रेम तशीच जिवंत राहील, आणि वर पावडरही टाकलीय म्हणून घरातले सगळे निर्धास्त.

मोंढानाका
मग माझ्या गिरणीला का नाही काही होत? पुस्तकातलं वेगळं आणि जागेवरचं वेगळं.

तांबंपितळ
तुमच्या गिरणीत कोणी ओल्या अंगानं, अनवाणी उभं राहत नाही. ओली कातडी करंटला फार कमी अडवते. गिरणीत जे नुसतं चुरचुरेल ते इथं लेकराला धरून ठेवू शकतं.

गोठाबीड
माझ्याकडं असंच झालं होतं, पूल नव्हता, म्हशींचा हौद होता. म्हशी हौदापाशी जायच्या, तोंड लावायच्या आणि झटकन मागं सरायच्या. आम्हाला वाटलं पाणी खारं झालं. शेवटी मीटर लावला तर नळ आणि जमीन यांत ७ व्होल्ट. जनावराचे चारही पाय ओल्या जमिनीवर, त्याला आपल्या आधी कळतं. मीटर लावून बघा, अंदाजावर जाऊ नका.

तांबंपितळ
अगदी बरोबर. @पूर्णाकाठ, मल्टिमीटर एसीवर ठेवा. एक टोक शिडीला, दुसरं मीटरभर लांब ओल्या जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला. पंप चालू, बटण बंद, पिन काढून, असं तीनदा बघा. पिन लावाल तेव्हा चपला घाला, हात कोरडे ठेवा आणि उघड्या धातूला हात लावू नका.

पूर्णाकाठ
शेजाऱ्याचा मीटर आणला. पंप चालू: ३४ व्होल्ट. बटण बंद केलं तरी ३३! पिन काढली की शून्याच्या जवळ. मग घरातला मोठा कूलर बंद करून पिन लावली तर ११. हे काय गौडबंगाल आहे? आणि आरसीसीबीचं राहिलं होतं: बसवली होती, पण मागच्या वर्षीपासून सारखी पडायची, म्हणून वायरमननं काढून टाकली.

तांबंपितळ
मागच्या वर्षी नेमकं काय झालं होतं? न्यूट्रलचं (करंट परत नेणाऱ्या तारेचं) काही काम केलं होतं का?

पूर्णाकाठ
हो, वादळात न्यूट्रल गेला होता. दिवे मिणमिणत होते. रात्री वीज कंपनीचं कोणी येईना, म्हणून वायरमननं न्यूट्रल अर्थिंगलाच जोडून दिला. तेव्हापासून तसंच चालू आहे. हे सांगण्यासारखं वाटलं नाही.

तांबंपितळ
सापडलं. तुमच्या अख्ख्या घराचा करंट त्या अर्थिंगच्या खड्ड्यातून परत जातोय. फ्रीज, पंखे, कूलर, सगळ्यांचा. मे महिन्यात आपली जमीन हात जाईल एवढी भेगाळते, खड्डा कोरडा ठाक, म्हणून अर्थिंगच्या तारेवरच व्होल्टेज चढतं. तीच तार पंपाच्या बॉडीला, बॉडी स्टँडला, स्टँड फ्रेमला. बटण फेज तोडतं, अर्थिंग तोडत नाही, म्हणून बटण बंद करूनही ३३. कूलरचा लोड गेला की ११. आणि ती आरसीसीबी खराब नव्हती. ती वर्षभर हेच ओरडून सांगत होती, आणि आपण तिलाच काढून टाकलं.

आता बाँडिंग. आत उतरल्यावर मुंग्या का येत नाहीत? पाणी, शिडी, फ्रेम सगळं एकाच व्होल्टेजला असतं म्हणून. पाय बाहेर जमिनीवर असले की दोन्हींतला फरक अंगातून वाहतो. फॉल्ट आला की ब्रेकर पाडायचं काम अर्थिंगचं. हात लागेल ते धातू, पाणी आणि पायाखालची जमीन तांब्यानं एकत्र बांधून हा फरकच मिटवायचा, ते बाँडिंग. तुमचा भाऊ सांगतोय ते अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या ६८० व्या कलमातलं: ८ गेजची भरीव तांब्याची तार, पूलच्या भिंतीपासून ४५ ते ६० सेंमी अंतरावर, जमिनीखाली १० ते १५ सेंमी, पूर्ण गोल. तिला फ्रेम निदान चार ठिकाणी जोडायची, शिवाय शिडी आणि पंपाची बॉडी. पाण्याला लागेल असा धातूचा तुकडाही हवा, निदान ५८ चौरस सेंमीचा.

पण क्रम चुकवू नका. आधी वीज कंपनीकडे तक्रार देऊन पोलवरचा न्यूट्रल नीट करून घ्या आणि घरातला न्यूट्रल-अर्थिंगचा जोड तोडा. जोड आधी तोडला तर न्यूट्रलविना घरातली वीज नीट चालणार नाही, आणि थ्री-फेज असेल तर उपकरणं जळू शकतात. मग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. मग तांबं. बोर्ड आणि पंप काठापासून २ मीटरच्या बाहेर न्या.

मोंढानाका
न्यूट्रल अर्थिंगला जोडलाय हे आधी माहीत असतं तर मीही सळई सांगितली नसती. आमच्या गल्लीत दोन घरांत असंच केलंय, उद्याच बघायला लावतो.

पूर्णाकाठ
तीन दिवसांनी लिहितोय. पोलवर न्यूट्रलची क्लॅम्प काळी पडून सैल झाली होती, ती बदलली. घरातला जोड काढला, आरसीसीबी बसवली, अजून पडलेली नाही. कूलर चालू ठेवून शिडीला ०.६ व्होल्ट. लेकरांना अजून उतरवलेलं नाही. दुकानात ८ गेज म्हटलं की कोणाला कळत नाही, काय मागू? आणि फ्रेमचा रंग खरवडावा लागेल का?

तांबंपितळ
१० चौरस मिमीची नंगी तांब्याची तार मागा. रंग खरवडायचाच, खाली चकचकीत धातू दिसला पाहिजे. गॅल्व्हनाइज्ड फ्रेमला तांबं थेट लावू नका, ओलाव्यात जोड खाल्ला जातो. कथील चढवलेले लग (तारेच्या टोकाला लावायची टोपी), स्टीलचा बोल्ट, वरून ग्रीस. झालं की जोडलेल्या चारही ठिकाणी मीटर लावून आकडे इथं टाका.