मदत हवी आहे: अफगाण चर्चमधल्या शिलालेखाचा पुरावा म्हणून वापर

कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) हे पहिल्या अफगाण युद्धाचं स्मारक. कंपनी सरकारच्या परराष्ट्र धोरणावरच्या लेखासाठी मला ते पुरावा म्हणून वापरायचंय.

आतल्या शिलालेखात कर्तव्याची जाण ठेवून मेलेल्यांचं स्मरण आहे, आणि त्यात सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमा, १८३८ ते १८४३, एकाच ओळीत येतात. म्हणजे १८४२ मध्ये काबूलहून परतताना कंपनीच्या फौजेची झालेली वाताहत आणि १८४३ मध्ये गिळंकृत केलेला सिंध एकाच कर्तव्यात बसवलेत! रशियाच्या धास्तीने काबूलच्या गादीवर पदच्युत अफगाण राजा शाह शुजाला बसवलं, याचा मात्र उल्लेखही नाही. अधिकाऱ्यांची नावं कोरलीत. साध्या शिपायांची मात्र संख्या फार मोठी म्हणून लिहिली नाहीत, असं तिथेच म्हटलंय. हे मनाला फार लागतं.

अडचण अशी की, स्मारक युद्धानंतर पंधरा वर्षांनी उभं राहिलं. मग ते १८३८ च्या धोरणाचा पुरावा धरायचं, की १८५७ नंतरच्या मनःस्थितीचा? हा मजकूर कोणी, कधी ठरवला हे कुठल्या दप्तरात सापडेल? मुंबईच्या पुराभिलेखागारात कोणी चर्चच्या वर्गणीचे किंवा बांधकामाचे कागद पाहिलेत का? मुंबई फौजेतल्या मृत शिपायांच्या याद्या कुठे मिळतील, तेही कृपया सांगा.