जुन्या बाजारातल्या पितळी वस्तू ऑनलाइन विकण्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून मी रविवारी-बुधवारी पितळी वस्तू उचलते आणि इन्स्टाग्रामवर विकते. अडकित्ते, पानाचे डबे, समया, कधी एखादा बंब. अडकित्ते हातोहात जातात. बंब मात्र कुरियरच्या खर्चातच नफा खातो, त्यामुळे तो आता फक्त पुण्यातल्याच गिऱ्हाइकाला.

अडचण अशी की परदेशातून विचारणा होऊ लागली आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा देशात व्यापार करायलाही परवाना लागतो, एवढं माहीत आहे. पण अडकित्त्यावर साल कुठे कोरलेलं असतं? विकणारे काका तर प्रत्येक वस्तू ‘पेशवाईतली’ म्हणूनच हातात देतात! वस्तू शंभर वर्षांच्या आतली आहे हे लेखी कोण देतं? पुरातत्त्व खात्याचं ना-हरकत पत्र कुणी काढलंय का? कागदपत्रं काय लागली, किती दिवस गेले?

दुसरं, जीएसटीचं. जुन्या मालावर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे, पण बाजारात पावती कुणीच देत नाही. मग खरेदीची किंमत दाखवायची कशी? घरी वहीत लिहिलेलं चालतं का?

आणि हो, चिंचेने घासून लख्ख करू की काळपट रंग तसाच ठेवू? माझं मत ठेवावा, सासूबाईंचं बरोबर उलट. विकणाऱ्यांचा अनुभव काय?