चिनी शिकताना उच्चार देवनागरीत लिहावेत की पिनयिनमध्ये?

नवशिकी_पुणे
नमस्कार. गेल्या महिन्यापासून मी मँडरिन चिनी शिकू लागले आहे. वर्गात पिनयिन, म्हणजे रोमन अक्षरांतील उच्चारलेखन, वापरले जाते. पण रोमन अक्षर दिसले की माझ्या तोंडी इंग्रजी उच्चारच येतो, म्हणून मी वहीत प्रत्येक शब्दाखाली तो देवनागरीत लिहून घेते. आमच्या शिक्षिकांना ही पद्धत मुळीच मान्य नाही. आपली लिपी उच्चारानुसार चालत असताना तिचा उपयोग का करू नये, हे कोणी समजावून सांगू शकेल का? शिवाय चिनी अक्षरे आत्ताच हाती घ्यावीत, की आधी बोलण्यापुरती भाषा येऊ द्यावी?

ध्वनिवेडा
आपल्या शिक्षिकांचे म्हणणे योग्य आहे, मात्र देवनागरीचा उपयोग अजिबात नाही असेही नाही. पिनयिनमधील ‘बी’ हा आपला ब नव्हे, तर प आहे, आणि ‘पी’ हा फ आहे (दोन्ही ओठ मिटून म्हटलेला, इंग्रजी ‘एफ’ नव्हे). ‘डी’ आणि ‘टी’ यांचे नाते त आणि थ यांच्यासारखे, ‘जी’ आणि ‘के’ यांचे क आणि ख यांच्यासारखे आहे. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्याला लहानपणापासून अवगत असतो, त्यामुळे चीनच्या राजधानीचे नाव ‘पेइचिंग’ असे म्हणणे आपल्याला जड जाऊ नये. पिनयिनमधील ‘झेड’ हा चमच्यातला च आहे आणि ‘जे’ हा चिमणीतला. हे दोन्ही च मराठीत आधीच असल्याने आपले अर्धे काम झालेले असते. राहिला ‘झेडएच’, त्यासाठी जिभेचे टोक ट म्हणताना असते तिथे नेऊन च म्हणावा.

अडचण नेमकी इथेच सुरू होते, कारण हे तिन्ही उच्चार आपण वहीत च याच अक्षराने लिहिणार. ‘एसएच’ आणि ‘एक्स’ यांची गतही तीच: श आणि ष ही अक्षरे आपल्याकडे वेगळी असली, तरी बोलण्यात आपण ती केव्हाच एक करून टाकली आहेत. तेव्हा या ध्वनींचा तक्ता देवनागरीच्या मदतीने एकदाच तयार करावा, तो पाठ करावा आणि त्यानंतर शब्द फक्त पिनयिनमध्ये लिहावेत. चीनमध्ये १९५८ साली स्वीकारलेली ही पद्धत आज शब्दकोशांत वापरली जाते आणि फोनवर चिनी टंकतानाही बहुतेक लोक तीच वापरतात. ती टाळून फार पुढे जाता येणार नाही.

तैपेईकर
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, तरी पिनयिन हाच एकमेव मार्ग आहे असे मात्र कोणी समजू नये. इथे तैवानमध्ये मुले शाळेत आधी ‘चुयिन’ नावाची ३७ चिन्हे शिकतात. त्यांतील व्यंजनांची मांडणी पाहून मराठी माणसाला आपली वर्णमाला आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की आपण कंठापासून आरंभ करतो आणि ते ओठांपासून. रोमन अक्षरे पाहून इंग्रजी उच्चार येण्याची खोड ज्यांना सोडवत नाही, त्यांनी हा पर्याय अवश्य पाहावा. आपण मुख्य भूमीवरील चिनी शिकत असाल, तर साहित्य मात्र पिनयिनमध्येच आणि सुटसुटीत केलेल्या अक्षरांतच मिळेल.

वहीविषयी माझी खरी हरकत वेगळीच आहे. देवनागरीत लिहिलेल्या शब्दावर टोनची, म्हणजे शब्दाचा अर्थ ठरवणाऱ्या आवाजाच्या चढउताराची, खूण बहुधा कोणी करत नाही. ‘माइ’ तिसऱ्या टोनमध्ये म्हटले तर विकत घेणे, चौथ्यामध्ये म्हटले तर विकणे. बाजारात हा फरक किती महागात पडेल ते सांगायला नको.

अक्षरप्रेमी
अक्षरांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले, म्हणून लिहितो. ती पहिल्या महिन्यापासूनच शिकावीत, परंतु चित्रे म्हणून नव्हे. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. ‘छिंग’ असा उच्चार सुचवणारा एक भाग घ्या: त्याला पाण्याची खूण जोडली की स्वच्छ, सूर्याची जोडली की निरभ्र, बोलण्याची जोडली की विनंती करणे आणि हृदयाची जोडली की भावना. टोन बदलतो, पण उच्चाराचा सांगाडा तोच राहतो. ही कुटुंबे ओळखता येऊ लागली की पाठांतराचा बोजा बराच हलका होतो. हाताने मात्र थोडीच अक्षरे लिहावीत, तीही रेघांचा ठरलेला क्रम पाळून.

व्याकरणाची धास्ती बाळगू नये. लिंग नाही, क्रियापदाची रूपे नाहीत, आणि वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावून प्रश्न करण्याची रीत आपल्या ‘का’ची सख्खी बहीण वाटते. ‘मी काल घेतलेले पुस्तक’ या रचनेत सगळे विशेषण नामाच्या आधी येते, तसेच चिनीतही येते; तिथे इंग्रजीतून विचार केला तर उगाच गोंधळ होतो.

नवशिकी_पुणे
सर्वांचे मनापासून आभार. तक्ता आजच करते. तिसऱ्या टोनविषयी एक शंका उरली आहे: पुस्तकात तो खाली जाऊन वर येणारा दाखवला आहे, परंतु ध्वनिफितीत तसा ऐकू येत नाही.

ध्वनिवेडा
आपण ऐकता ते बरोबर आहे. शब्द सुटा असेल किंवा वाक्याच्या शेवटी असेल, तेव्हाच तो पूर्ण वळण घेतो. एरवी तो नुसता खाली राहतो. दोन तिसरे टोन लागोपाठ आले, तर पहिल्याचा दुसरा होतो, जसे ‘नी हाओ’मध्ये घडते. म्हणून सुटी अक्षरे घोकण्याऐवजी दोन अक्षरांच्या जोड्यांचा सराव करावा, आणि आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशी ताडून पाहावा.