लाल लेप सुटतोय, पांढरा थर मात्र निघत नाही – खापरं कशी धुवावीत?

प्रश्न
उत्खननाच्या चरातून आलेली खापरं (जुन्या मातीच्या भांड्यांचे तुकडे) बादलीत भिजवून दातांच्या मऊ ब्रशने धुतोय. जाडसर, कमी भाजलेल्या तुकड्यांचा लाल लेप बोटाला लागतो. काहींवर चुन्यासारखं कडक पुट आहे, ते ब्रशला दाद देत नाही. ॲसिड वापरावं का?

उत्तर 1
सर्वांत आधी भिजवणं थांबवा. कमी भाजलेलं खापर पाणी पिऊन मऊ पडतं, लेप तर त्याआधीच सुटतो. प्रत्येक प्रकारातला काठ-बूड नसलेला एक साधा तुकडा घ्या आणि ओला बोळा लेपावर टेकवा. बोळा रंगला किंवा कड चिखलासारखी झाली, तर तो प्रकार पाण्यात घालूच नका. माती ओलसर असतानाच बांबूच्या काडीने आणि मऊ कुंचल्याने काढा. वाळून घट्ट झाली की ती लेपासकट निघते.

पक्की खापरं एकेक करून धुवा, तुटलेली कड आधी. मातीचा पोत आणि भाजणीचा रंग तिथेच कळतो. कडेला माती राहिली तर जोड बसत नाही, आणि कड घासून झिजवली तर जोडच हरवतो. एका वेळी उत्खननातल्या एकाच थराची टोपली घ्या, त्या थराची चिठ्ठी सतत तिच्याबरोबर ठेवा. गढूळ पाणी बारीक चाळणीतून ओता, मणी तिथेच सापडतात.

उत्तर 2
ॲसिड हा शेवटचा उपाय. आधी ओलं पुट स्कॅल्पेलने (शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीने) हळूहळू उडवून बघा. तरीही हवंच असेल, तर तुटलेल्या कडेवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाका. कड फसफसली, तर खापराच्या मातीतच चुना किंवा शिंपल्याची भर आहे. अशा खापराला ॲसिड लावलं की ते आतून पोखरतं.

कड शांत राहिली, तर खापर आधी साध्या पाण्यात पूर्ण मुरवा, म्हणजे छिद्रं भरतात आणि ॲसिड फारसं आत शिरत नाही. 5 टक्क्यांचं द्रावण पुटावरच लावा. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. द्रावण करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. नंतर पीएच पट्टी (आम्लता दाखवणारा कागद) तटस्थ दाखवेपर्यंत पाणी बदलत राहा. आत उरलेले क्षार वाळताना पृष्ठभागावर येऊन फुलतात आणि पापुद्रे उडवतात.

प्रश्नकर्ता
कड फसफसली. आतल्या बाजूला काजळीसारखा काळा थरही दिसतोय.

उत्तर 2
मग ॲसिड नको. पुट राहू द्या, नोंद करा.

उत्तर 3
काळा थर असलेले तुकडे धुऊच नका. अन्नाचे अवशेष असतील तर त्यातली चरबी प्रयोगशाळेत ओळखता येते. उघड्या हाताने शिवू नका, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. प्लास्टिकमधली रसायनं आणि हाताचं तेल दोन्ही नमुन्यात उतरतात.

बाकीची खापरं जाळीवर, सावलीत वाळवा. आतून ओली असताना पिशवीत भरली तर बुरशी धरते. नोंदीचा क्रमांक आतल्या बाजूला टाका, रंगकाम आणि तुटलेली कड सोडून: पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक ॲक्रिलिक राळेचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर.