ग्नूकॅशमध्ये घरचा हिशेब: अनुभवी वापरकर्त्यांची मदत हवी आहे

नमस्कार. अनेक वर्षे घरखर्चाचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये ठेवल्यानंतर, आईचे निवृत्तिवेतन, गृहकर्जाचा हप्ता आणि आमच्या एसआयपी (म्युच्युअल फंडांतील दरमहा गुंतवणूक) एकत्र पाहता याव्यात म्हणून गेल्या महिन्यात मी ग्नूकॅश हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरायला घेतले. ते मोफत आहे, द्विनोंदी पद्धतीने (प्रत्येक व्यवहार किमान दोन खात्यांत नोंदवून) चालते आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर राहते. बँकेचा पासवर्ड कुणाच्या हवाली करावा लागत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

अडचण बँकेकडून मिळालेले सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या फाइलमधले) विवरण ग्नूकॅशमध्ये आयात करताना येते. बचत खात्यातून कार्डाचे ८,४५० रुपयांचे बिल भरले, तो एकच व्यवहार बचत खात्याच्या विवरणातून एकदा आणि कार्डाच्या विवरणातून पुन्हा चढला, तोही दोन दिवसांच्या फरकाने, आणि दोन्ही खात्यांची शिल्लक बिघडली. अशा नोंदी आपण आयातीच्या वेळीच हाताने जुळवता, की मध्ये एखादे तात्पुरते खाते ठेवता?

म्युच्युअल फंडांचे युनिट तीन दशांश स्थळांपर्यंत येतात. ते दरमहा स्वतः भरता का, हेही कळवावे. आपल्या खात्यांची रचना थोडक्यात सांगितलीत तर मार्चअखेरच्या आत माझी घडी बसेल.